खाऱ्या पाण्यातला तिसरा ठोकळा

१

तिसरा ठोकळा चोरीला गेला, असं वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी हसले. माणसं दागिने चोरतात, गाड्या चोरतात, एकमेकांच्या कवितासुद्धा चोरतात. काँक्रीटचा ठोकळा कोण चोरणार? विमा कंपनीत दावे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. मालकानेच पेटवलेली गोदामं पाहिली, नुसत्या कागदावर बुडालेल्या बोटी पाहिल्या. पण भरल्या बादलीएवढा जड आणि रस्त्याच्या कडेला फुकट पडलेला वाटावा असा ठोकळा कुणी पळवल्याचं कधी ऐकलं नव्हतं.

"हसून झालं असेल तर निघ," वहिनी म्हणाली. "पुढच्या सोमवारी समिती आहे."

तिचा आवाज ऐकून माझं हसू जागच्या जागी विरलं. मी दुपारच्या गाडीने निघाले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. विद्यापीठात शिकवते, आणि शिकवून उरलेला सगळा वेळ पूल आणि इमारती अकाली म्हाताऱ्या का होतात याचा शोध घेते. दादा म्हणतो, "हिला नवरा म्हातारा झालेला दिसत नाही, पण खांबाला गेलेली चीर रस्त्यापलीकडून दिसते." भट्टीतली राख आणि भाजलेली माती घालून तिने काँक्रीटचं एक मिश्रण तयार केलं. त्याचा खांब खाऱ्या पाण्यात नेहमीच्या खांबापेक्षा कितीतरी जास्त टिकेल, असं तिचं म्हणणं. आता हे सिद्ध करायचं तर वाट बघण्यावाचून इलाज नाही. म्हणून तिने त्या मिश्रणाचे तीन ठोकळे घातले, प्रत्येकाच्या पोटात एक लोखंडी सळई ठेवली आणि तिन्ही मिठाच्या पाण्यात बुडवले. पहिला पाच वर्षांनी कापला, दुसरा दहा वर्षांनी. दोन्ही वेळा मीठ सळईच्या आसपासही पोचलं नव्हतं. तिसरा वीस वर्षांनी कापायचा होता.

ती वीस वर्षं या महिन्यात भरली. याच महिन्यात वहिनी निवृत्त होत होती. खाडीवर नवा पूल व्हायचा होता, आणि तो तिच्या मिश्रणाचा करायचा की नेहमीच्या, हे ठरवणाऱ्या समितीसमोर तिसरा ठोकळा कापायचा असं ठरलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो टाकीत होता. सोमवारी सकाळी नव्हता.

टाकी प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत होती. वर पत्र्याचं झाकण, आत हिरवट पाणी, तळाशी दुसऱ्या प्रयोगांचे ठोकळे ओळीने निजलेले. मधे एक जागा रिकामी, पडलेल्या दातासारखी. कुलूप फोडलेलं नव्हतं. झाकण नीट परत बसवलेलं होतं.

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"लोक म्हणतात, बाईनेच लपवला. आत काय निघेल त्याला घाबरली." वहिनी रिकाम्या जागेकडे बघत होती. "समितीचे अध्यक्ष जरा सभ्य आहेत. ते म्हणाले, सोमवारपर्यंत ठोकळा मिळाला नाही तर मिश्रण बाजूला ठेवूच, पण मग आधीचे दोन निकालसुद्धा खरे होते का, ते बघावं लागेल."

म्हणजे पूल जाणार होता तो जाणारच, पण त्याच्या पाठोपाठ तिची अब्रूही जाणार होती. आयुष्यभर एक शून्य इकडचं तिकडे न केलेली बाई निवृत्त होताना खोटारडी ठरणार. मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे मदतनीस आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. बोलायला लागले की विषयावर यायला त्यांना तीन वळणं घ्यावी लागतात. पण आज ते सरळ मुद्द्यावर आले.

"ताई, ठोकळा नेला तो नेला, मेल्याने मीठ पण नेलं!"

२

मिठाची गोणी पडवीच्या कोपऱ्यात होती. टाकीतलं पाणी कमी झालं की त्यात पाणी आणि मीठ मापाने घालतात, त्यासाठी. मामांनी गेल्याच आठवड्यात नवी गोणी उसवली होती. आता ती चांगलीच खाली बसली होती.

"चोराच्या घरी स्वयंपाक अळणी होत असेल," मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. वहिनीही थोडी हसली. मीही हसले, पण गोणी डोक्यातून जाईना. दावे तपासताना एक गोष्ट मी शिकले होते. चोरीत जी वस्तू हास्यास्पद वाटते, तिच्याकडे आधी बघायचं.

शुक्रवारनंतर पडवीत जाऊ शकतील अशी मोजकी माणसं होती. मामांकडे किल्ली असायची, वहिनीकडे असायची. विभागप्रमुखांकडे एक, आणि वहिनीच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीकडे एक. शिवाय शुक्रवारी एक पाहुणा येऊन गेला होता आणि किल्ल्या टेबलावर पडलेल्या असताना बराच वेळ एकटा बसला होता. गंज न चढणाऱ्या रंगवलेल्या सळ्या विकणाऱ्या कंपनीचा हा सल्लागार. उकाड्यातही टाय लावून फिरायचा, म्हणून वहिनी त्याला टायवाला म्हणायची. वहिनीचं मिश्रण चाललं तर त्याच्या सळ्या कोण घेणार? संशय घ्यायला याहून सोयीचा माणूस मिळाला नसता.

मी त्याला त्याच्या कचेरीत गाठलं. त्याने मला थंड पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि गोड बोलायला लागला.

"मॅडमचं नुकसान व्हावं असं मला कशाला वाटेल? माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे."

"ठोकळा गेल्याने तुमचा फायदाच झाला ना?"

"झाला असता. पण खरं सांगू का, ताई? तो कापला जावा असंच मला वाटत होतं. वीस वर्षांत मीठ आत शिरलं असणारच. समितीसमोर ते दिसलं असतं तर माझं काम फुकटात झालं असतं." मग त्याने खांदे उडवले. "मिळेल हो. कुणीतरी एखाद्या कपाटात ठेवला असेल. सापडला की पुसायचा आणि कापायचा, त्यात काय आहे?"

मला त्यात काही खटकलं नाही. खटकलं ते दुसऱ्या दिवशी, त्या संशोधक मुलीशी बोलताना.

तिला वहिनी चिमणी म्हणते. बारीक आवाज, मोठा चष्मा, आणि डोळ्यांत कायम परीक्षेची भीती. तिचा सगळा प्रबंध तिसऱ्या ठोकळ्यावर अडला होता. ती बोलता बोलता रडायला लागली.

"आता मिळाला तरी काय उपयोग आहे, आत्या?" मी कुणाची आत्या नाही, पण तिने मला तसंच म्हटलं आणि मला ते आवडलं. "इतक्या दिवसांत तो वाळला असेल."

"वाळला तर काय होतं?"

"संपलंच मग. आम्ही ठोकळा कापून त्यावर एक औषध फवारतो. मीठ जिथपर्यंत शिरलंय तिथपर्यंत पांढरं होतं, बाकीचं तपकिरी. पण ठोकळा वाळला की आतलं पाणी सरकतं, आणि पाण्याबरोबर मीठही जागचं हलतं. मग वीस वर्षांत मीठ कुठवर आलं ते कुणालाच सांगता येणार नाही."

"साध्या पाण्यात ठेवला तर?"

"तरी वाईटच. आतलं मीठ हळूहळू बाहेर झिरपतं. त्याला तसंच खारं पाणी लागतं, जसं टाकीत होतं तसं."

मी तिचे डोळे पुसले, तिला चहा पाजला आणि विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाले. गोणीचं कोडं माझ्या डोक्यात सुटायला लागलं होतं. पण सुटताना ते मला नको त्या दिशेला घेऊन चाललं होतं.

३

विभागप्रमुख वहिनीचेच जुने विद्यार्थी. विद्यार्थी असताना ते नेहमी घोड्यावर बसून यायचे. काम सुरू व्हायच्या आधी संपवायची घाई. वहिनी अजूनही घरात त्यांना घोडेस्वार म्हणते, अर्थात मायेने. आता ते मोठ्या खुर्चीत बसले होते, केस कानाशी पांढरे झाले होते, आणि समोरच्या पेल्याखालची बशी ते सारखी फिरवत होते.

"मी अध्यक्षांना सांगून पाहिलं," ते म्हणाले. "पहिले दोन निकाल इतके चांगले आहेत. तिसऱ्यावाचून निर्णय घ्या म्हटलं. मॅडमवर अन्याय नको. ते ऐकत नाहीत."

"तुम्ही मॅडमच्या बाजूने आहात तर."

"मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे आहे, ताई. हे ठोकळे घालताना मी होतो. माझी पदवी त्यावर आहे."

"आणि ठोकळा मिळालाच, तर तो वाळून खराब झालेला असेल, असं तुमची चिमणी म्हणते."

"नाही नाही, ठोकळ्याला काही होणार नाही," ते चटकन म्हणाले. मग बशी फिरायची थांबली. "म्हणजे, मॅडमचं मिश्रण फार दाट आहे. इतक्यात वाळत नाही."

मी निरोप घेतला आणि विद्यापीठाच्या आवारातल्या बाकावर जाऊन बसले. समोर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. मी विचार करत होते.

ज्याला वहिनीचं वाटोळं करायचं असतं त्याने ठोकळा फोडला असता, खाडीत टाकला असता. निदान कपाटात तरी कोंबला असता, टायवाला म्हणाला तसा. त्याला ठोकळा ओला ठेवावा लागतो हेच ठाऊक नव्हतं. या चोराने मात्र ठोकळ्याबरोबर मीठ नेलं होतं. म्हणजे तो कुठेतरी त्याला खाऱ्या पाण्यात ठेवून होता. चोरी केली, पण नमुना बिघडू द्यायचा नाही ही सवय काही सुटली नाही. असली चूक घरफोड्या करणार नाही. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेलाच करेल.

चोराला ठोकळा कापला जाऊ नये असं वाटत होतं, आणि त्या ठोकळ्यावर त्याचा जीवही होता.

त्या ठोकळ्यावर सगळ्यात जास्त जीव असलेलं माणूस मला चांगलं माहीत होतं. मी त्याच्याच घरी उतरले होते.

४

दावे तपासणाऱ्या माणसाला नातं आड येऊ देता येत नाही. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी वहिनी विद्यापीठात गेल्यावर तिच्या न्हाणीघरात शिरताना मला स्वतःची लाज वाटत होती. बादल्या बघितल्या. पिंप बघितलं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढून आत वाकून बघितलं. खाली आले तर वहिनी जिन्याच्या पायथ्याशी उभी. चष्मा विसरला म्हणून परत आली होती.

"काय वन्सं, गच्चीवर काय सापडलं?"

ती एरवी मला नावाने हाक मारते. वन्सं म्हटलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मी खोटं बोलले नाही. मिठाचं सगळं सांगितलं. ती जिन्यावरच बसली. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढणार. पण तिच्या कपाळावर आठ्या आल्या त्या रागाच्या नव्हत्या.

"मीठ," ती म्हणाली. "मला का सुचलं नाही? मी इतके दिवस फोडलेला ठोकळा शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुला खरंच वाटलं, मी लपवला?"

"शक्यता तपासली."

"भीती वाटते मला, नाही असं नाही. वीस वर्षं एका बंद पेटीशेजारी काढली आहेत. पण ती उघडायला मिळणार नाही, याची भीती त्याहून मोठी आहे. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला घरी बसता येणार नाही गं. पांढरं निघू दे, तपकिरी निघू दे, मला बघायचंय."

त्या क्षणी मी तिचं नाव कायमचं खोडलं.

आम्ही दोघी जिन्यावर बसून उरलेली नावं तपासली. मामांना मीठ कशाला लागतं ते माहीत, पण मीठ चोरीला गेल्याची बोंब त्यांनीच मारली. चोर स्वतःच्या चोरीचा माग आपण होऊन दाखवत नाही. चिमणी वसतिगृहात राहते. तिथे एका न्हाणीघरावर मजलाभर मुली तुटून पडतात, खाऱ्या पाण्याचा टब आठवडाभर लपवणार कुठे? शिवाय ठोकळा कापला गेल्याशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकत नव्हता.

"राहिला कोण?" मी विचारलं.

"ठोकळ्याला काही होणार नाही," हे वाक्य कोण इतक्या खात्रीने म्हणालं होतं, ते मी तिला सांगितलं.

"नाही," ती म्हणाली. "तो तर माझ्या बाजूने भांडतोय. आणि तो असं का करेल?"

"ते मला माहीत नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनी."

५

विभागप्रमुख घरी नसतील अशी वेळ बघून मी त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको बँकेत कामाला, त्या दिवशी रजेवर होती. मोकळी, बोलकी बाई. मी वहिनीची नणंद म्हटल्यावर तिने मला आत नेलं, चहा ठेवला आणि मॅडमच्या ठोकळ्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

"यांचंही जेवणावरून लक्ष उडालंय. झोप नाही. मागच्या गॅलरीत जाऊन उभे राहतात."

गॅलरीत कुंड्या होत्या. गुलाब, जास्वंद, एक लिंबाचं झाड. सगळ्यांच्या पानांच्या कडा करपलेल्या, जणू कुणीतरी मेणबत्तीने भाजल्या होत्या.

"ऊन जास्त लागतं का?" मी विचारलं.

"छे हो! याच आठवड्यात असं झालं. इतकी छान होती. रोज संध्याकाळी पाणी घालते. नळाला पाणी नसलं की त्या टबातलं घेते." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे मुलांच्या आंघोळीचा जुना प्लास्टिकचा टब होता, वर लाकडी फळी आणि फळीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. "हे म्हणतात, त्या टबाला हात लावू नकोस, कामाचं आहे. आता दोन-चार मग पाण्याने काय कमी होणार?"

ती चहा बघायला आत गेली. मी गठ्ठा बाजूला ठेवला, फळी थोडी सरकवली आणि बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट. तळाशी, गढूळ पाण्याखाली, एक राखाडी ठोकळा शांत पडलेला होता.

मी फळी परत सरकवली नाही. चहाचा कप हातात घेऊन तिथेच खुर्चीवर बसून राहिले. विभागप्रमुख घरी आले, गॅलरीच्या दारात थबकले, टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "मॅडमना बोलावता का? त्यांनाच सांगतो."

६

वहिनी आली. ती आधी टबाशी गेली, ओणवी झाली आणि ठोकळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बोल."

ते टबाकडे बघतच सांगायला लागले. हे ठोकळे घालायच्या दिवशी वहिनीला मधेच बैठकीला बोलावलं होतं. दोन ठोकळे झाले होते, तिसरा व्हायचा होता. उन्हाने मिश्रण आवळायला लागलं, साच्यात जाईना. त्यांना घरी जाणारी गाडी पकडायची होती.

"मी त्यात वर पाणी घातलं. ढवळलं, मऊ झालं, साच्यात ओतलं आणि पळालो. तेव्हा वाटलं, एवढ्याने काय होतंय? पुढे शिकलो तेव्हा कळलं काय होतं. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक वाटा सोडतं. मीठ त्या वाटांनी आत जातं." त्यांनी मान वर केली नाही. "पहिले दोन कापले तेव्हा मला झोप लागायची. तिसऱ्याची वेळ आली तसतसा जीव घाबरा व्हायला लागला. तो कापला असता तर तुमचं मिश्रण फसलं असं ठरलं असतं, आणि चूक माझी होती. सांगितलं असतं तर माझी पदवी, ही खुर्ची, सगळंच..."

"मग फोडून का नाही टाकलात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान मूल पाण्यात बुडवायला सांगितलं होतं. "वीस वर्षांचा नमुना आहे, ताई."

वहिनीने त्यांना एक शब्दही ऐकवला नाही. "याच पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळ," ती म्हणाली. "सोमवारी कापायचाय."

सोमवारी समितीची माणसं प्रयोगशाळेत अर्धवर्तुळ करून उभी राहिली. टायवाला होता, चिमणी होती, मामा करवतीशी होते. करवत किंचाळली, पाण्याचा फवारा उडाला, ठोकळ्याचे दोन भाग झाले. वहिनीने स्वतः औषध फवारलं. सगळे वाकले.

आधीच्या दोन ठोकळ्यांत पांढरी कड साडीच्या बारीक काठाएवढी होती, असं तिने मला सांगितलं होतं. इथे पांढरा रंग कडेपासून पसरत पसरत थेट सळईपर्यंत गेला. सळईभोवती गंजाचं तांबूस कडं होतं. टायवाल्याने हळूच श्वास सोडला.

"म्हणजे मिश्रण फसलं," अध्यक्ष म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

तेव्हा विभागप्रमुख पुढे आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. गाडी, ऊन, पाणी, चोरी, सगळं. ठोकळा आपण पळवला, मॅडमना काही माहीत नव्हतं. पदावरून आपण बाजूला होत आहोत. "हा ठोकळा धरू नका," ते म्हणाले. "हा मॅडमच्या मिश्रणाचा नाहीच. पहिले दोन धरा."

खोलीत कुजबुज झाली. अध्यक्षांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला! बाई, तुमच्यावरचा संशय गेला आणि निकालही शाबूत राहिला. पूल तुमच्याच मिश्रणाचा करायला आमची हरकत नाही."

मी जवळजवळ टाळ्या वाजवणार होते. चिमणी तर उड्या मारायच्या बेतात होती. वहिनी ठोकळ्याकडे बघत होती.

"हा धरा," ती म्हणाली.

"पण बाई, यात पाणी जास्त आहे."

"पुलावरही असेल. उन्हात मिश्रण आवळायला लागलं, साच्यात जाईना झालं, की कुणीतरी पाणी ओतणारच. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी माझ्याच प्रयोगशाळेत ओततो, तर खाडीवर कोण कुणाला अडवणार आहे?" तिने चष्मा काढून पुसला. "मी वीस वर्षं विचारत होते, माझं मिश्रण किती टिकतं? मी विचारायला हवं होतं, लोक घाई करतील तेव्हा ते किती टिकतं? ते आज पहिल्यांदा दिसलं. याचा पूल इतक्यात बांधू नका. कुणीतरी त्यावरून रोज जाणार आहे."

कुणी वाद घातला नाही. अध्यक्षांनी तिला वाकून नमस्कार केला, तो नुसता शिष्टाचाराचा नव्हता.

७

घरी येताना मी रस्ताभर चिडचिड केली. पूल हातात आला होता, हिने तो परत केला. दादा म्हणाला, "तिला ओळखतेस ना? मग कशाला घसा कोरडा करतेस?" आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेला.

तेवढ्यात दारात विभागप्रमुख. हातात काही नाही, तोंडावर रंग नाही. आत या म्हणायला कुणाला सुचेना. वहिनी उठून दाराशी गेली. त्या टबापाशी 'बोल' म्हटल्यापासून तिने त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

"किती घातलं होतंस?" तिने विचारलं.

"काय, मॅडम?"

"पाणी. किती?"

ते गोंधळले. "मगाने घातलं होतं. दोन मग असतील. किंवा तीन. मोजलं नाही."

आणि वहिनी रडायला लागली. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखते, पण असं रडताना कधी बघितलं नव्हतं. चोरीने रडली नाही, पूल गेला तेव्हा रडली नाही.

"घातलंस ते घातलंस," ती म्हणाली, "मोजायचं तरी होतंस रे! किती पाण्याने काय होतं, ते आज कळलं असतं. वीस वर्षांचं उत्तर हातात आहे, आणि प्रश्न काय होता तेच माहीत नाही."

"सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर अंदाज येईल, मॅडम."

"अंदाज!" ती म्हणाली. "वीस वर्षं थांबून अंदाज."

दादा पाण्याचा पेला घेऊन मधेच थांबला होता. वहिनीने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि तिचा आवाज परत तिचा झाला.

"उद्या सकाळी ये. नवे ठोकळे घालू. पहिल्यात हवं तेवढंच पाणी, पुढच्यात थोडं जास्त, त्याच्या पुढच्यात आणखी. ओतायचं तू, मोजणार मी."

"मॅडम, ते कापायला वीस वर्षं लागतील."

"मला बेरीज येते. कापायला मी नसेन, तू असशील." ती त्यांच्याकडे रोखून बघत होती. "त्या दिवशी आत जे निघेल ते निघेल. पळवू नकोस."

ते 'हो' म्हणाले. मग राख आधीएवढीच घ्यायची की थोडी कमी, यावर दोघांचा दारातच वाद सुरू झाला, आणि मी खुर्ची बाहेर आणून ठेवली.